पोलादपूरच्या काकू आणि घाटातलं धुकं

प्रश्न : गणपतीत मुलगी मुंबईहून आली होती. तिने मोबाइलवर मिस मार्पलची जुनी इंग्रजी मालिका दाखवली आणि शेजारी बसून अर्थही सांगितला. लोकर विणत बसलेली म्हातारी, आणि पोलिसांना जे जमत नाही ते ती हसतखेळत उलगडून दाखवते! मला फार आवडली. अशी चौकस, खट्याळ, बोलण्यात पक्की बाई मराठी रहस्यकथेत आहे का? नसेल तर का नाही? *(एक वाचक, पोलादपूर)*

उत्तर : ताई, थेट उत्तर आधी देते. बाईने छडा लावल्याच्या सुट्या कथा मराठीत आहेत, दिवाळी अंकांतून अधूनमधून भेटतात. पण धनंजय म्हटलं की छोटूही आठवतो, फास्टर फेणे म्हटलं की सायकलवरचा पोरगा दिसायला लागतो, तसं घराघरात पोचलेलं शोधक बाईचं नाव आपल्याकडे नाही. ही उणीव मला वाचक म्हणून कायम जाणवत आली आहे, म्हणून तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला.

आपल्या रहस्यकथेचा संसार काही लहान नव्हे. बाबूराव अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांनी एकट्याने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळा पहाड ही त्यांची माणसं. त्यांच्यामागून गुरुनाथ नाईक आले, त्यांचाही आकडा हजाराच्या पुढचा. सुहास शिरवळकरांनी बॅरिस्टर अमर विश्वास, फिरोज इराणी, दारा बुलंद असे नायक उभे केले आणि दोन पिढ्यांच्या कॉलेजकुमारांना रात्र रात्र जागवलं. ही पुस्तकं स्वस्त होती. वाचनालयातून दिवसाच्या भाड्याने मिळायची, गिरणगावातल्या खोल्यांमधून हातोहात फिरायची. पोलादपूर-महाडकडची कितीतरी माणसं तेव्हा मुंबईत नोकरीला होती. सुट्टीला गावी येताना त्यांच्या ट्रंकेतून ती घाटाखाली पोचली असणार.

त्या पुस्तकांतल्या बायका आठवून पाहा. झुंजारसोबत विजया आहे, धीट आहे, पण गोष्ट झुंजारची. बाकीच्या बायका म्हणजे कुणी सेक्रेटरी, कुणी पळवून नेलेली मुलगी, कुणी मोहात पाडणारी. त्या गोष्टींचा जीव पाठलाग, पिस्तूल, वेषांतर आणि मध्यरात्रीची मोटार यांत होता. आणि त्या काळी मध्यरात्री मोटार घेऊन एकटी बाई बाहेर पडली, तर वाचकाला खुनाआधी तिचाच संशय आला असता!

दुसऱ्या अंगाला मराठी विनोद पाहा. चि. वि. जोशींच्या चिमणरावाच्या घरापासून आजच्या मंगला गोडबोल्यांपर्यंत आपला विनोद घरात, चाळीत, लग्नाच्या मांडवात, हळदीकुंकवात रमला. तिथे बाईला पहिल्यापासून तोंड होतं. सासूला, नवऱ्याला, शेजारणीला, भटजीलासुद्धा सुनावणारी बाई मराठी विनोदात जागोजाग आहे. म्हणजे विनोद घरात राहिला आणि रहस्य घराबाहेर. तुम्हाला हवी असलेली नायिका जन्माला यायला दोन्ही एका छपराखाली यावे लागतात. आपल्याकडे ते फारसे आले नाहीत, हे मला मुख्य कारण वाटतं.

इंग्रजीत ही गाठ आपोआप पडली नाही, ती बायकांनी मारली. अमेरिकेत अॅना कॅथरिन ग्रीन या लेखिकेने १८९७ साली अमेलिया बटरवर्थ ही प्रौढ, अविवाहित, शेजाऱ्यांच्या घरावर नजर ठेवणारी बाई कादंबरीत आणली. अगाथा ख्रिस्तीची जेन मार्पल १९२७ साली कथेत आली आणि १९३० साली कादंबरीत. पुढे तिच्या बारा कादंबऱ्या झाल्या. तिची रीत तुम्ही मालिकेत पाहिलीच आहे. ती सेंट मेरी मीड या लहान गावात आयुष्यभर राहिली. शहरातला बडा संशयित समोर आला की तिला गावातला एखादा मासळीवाला किंवा कुणाची तरी मोलकरीण आठवते. तो अमुक वेळी असाच खोटं बोलला होता, असंच हसला होता. माणसं सगळीकडे सारखीच, म्हणून एक गाव नीट ओळखलं की पुरे, एवढंच तिचं शास्त्र.

भारतातही ही वाट चोखाळली गेली आहे. बंगालीत फेलूदा या गुप्तहेराच्या कथांमध्ये बायका जवळजवळ नाहीतच. अशोक जैनांनी त्या सुरेख मराठीत आणल्या आहेत, वाचाल तेव्हा हे लक्षात येईल. त्याच बंगालीत पुढे सुचित्रा भट्टाचार्य यांनी मितीन मासी आणली. ती घर सांभाळते, तपासही करते, आणि कलकत्त्याच्या पोराबाळांनाही ती ठाऊक आहे. बंगालीने जे केलं ते मराठीला अवघड जावं असं काही नाही. मराठी सिनेमाने तर एकदा करून दाखवलंच आहे. १९९९ चा चंद्रकांत कुलकर्णी दिग्दर्शित ‘बिनधास्त’ पाहिला नसेल तर पाहा. खुनाचं रहस्य आणि पडद्यावर सगळ्या बायका.

प्रश्न : माझा दुसरा प्रश्न ऐकून हसू नका. आमच्या पोलादपुरात अशी कादंबरी घडू शकेल का? इथे तर काहीच घडत नाही असं सगळे म्हणतात. *(त्याच वाचक)*

उत्तर : हसण्याचं काय त्यात? तुमच्या पत्रातला हाच प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटला.

अशा कादंबरीला दोन गोष्टी लागतात. एक, सगळे सगळ्यांना ओळखतात असं गाव. दोन, तिथून बाहेरची माणसं सतत जात-येत असली पाहिजेत, नाहीतर गोष्ट पंधराव्या पानावर आटते. पोलादपुरात दोन्ही आहे. मुंबई-गोवा महामार्ग गावाला लागून जातो. तिथून वर आंबेनळी घाट चढला की प्रतापगड आणि पुढे महाबळेश्वर, खाली कशेडी ओलांडलं की खेड, माघारी महाड. कोकण रेल्वे मात्र गावात येत नाही, तिच्यासाठी वीर किंवा विन्हेरे गाठावं लागतं. त्यामुळे येणारा-जाणारा प्रत्येक माणूस एसटीच्या, वडापच्या किंवा स्वतःच्या गाडीच्या वाटेनेच येणार, आणि कुणाच्या ना कुणाच्या नजरेस पडणार. तपास करणाऱ्या बाईला याहून काय हवं?

आता ही बाई कोण असावी? माझी निवड सांगते : पोस्टाच्या आरडीची एजंट. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेखाली काम करणाऱ्या या बायका तुमच्या ओळखीच्या असतीलच. दर महिन्याला घरोघर जायचं, हप्ता घ्यायचा, कार्डावर नोंद करायची, पोस्टात भरायचा. पाच वर्षं हेच. कुणाचा हप्ता चुकला, कुणी मुलीच्या नावाने नवीन खातं काढलं, कुणी नवऱ्याला न सांगता शंभर रुपयांचं वेगळं खातं सुरू केलं, हे तिला कळतं आणि तिच्या पोटात राहतं. तिला कुठल्याही घरात जायला कारण लागत नाही. ओटीवर बसायला मिळतं, पाणी मिळतं, चहा येईपर्यंत बोलायला दहा मिनिटं मिळतात. पोलीस दारात आले की घर गप्प होतं, काकू आल्या की घर बोलू लागतं.

आणि हप्त्यांमध्येच पुरावा दडवता येतो. आरडीचे सहा किंवा बारा हप्ते आगाऊ भरले तर पोस्टात थोडी सूट मिळते. समजा, आतल्या एखाद्या वाडीवरचे एक वृद्ध काका. वर्षानुवर्षं महिन्याचा हप्ता महिन्याला देणारे, एक दिवस आधी नाही की नंतर नाही. एका आषाढात ते काकूंच्या हातात सहा महिन्यांचे पैसे एकदम ठेवतात. काकू सूट सांगतात, काका मान हलवतात. आठवड्याने काका घरातून नाहीसे होतात आणि त्यांच्यासोबत देव्हाऱ्यातले चांदीचे टाकही. गाव म्हणतं, चोराने म्हाताऱ्याला मारून नदीत टाकलं. घरचे रडतात. काकूंच्या मनात मात्र एकच : ज्याला मरणाची चाहूल नाही आणि परतायची खात्री आहे, तोच सहा महिन्यांची सोय करून जातो. म्हणजे म्हातारा आपल्या पायांनी गेला आहे. कुठे आणि का, तिथून कादंबरी सुरू.

ही गोष्ट पुढे कुठे न्यायची ते तुमच्या हाती. पण एक प्रसंग मला असा दिसतो.

काकांचा पुतण्या साताऱ्याला राहतो. काका गेल्याचं कळल्यावर तो दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन हजर होतो. ओटीवर भावकी जमली आहे. काकू कोपऱ्यात कार्डांची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या आहेत.

“एवढ्या पावसात आलास रे? घाटातून?”

“नाहीतर कुठून काकू? पहाटे निघालो.”

“धुकं असेल.”

“विचारू नका! हाताचं दिसत नव्हतं. प्रतापगडच्या फाट्यापासून गाडी पहिल्या गिअरवर आणली.”

“देव पावला म्हणायचा. आमच्या पोलादपूरच्या यष्टीला नाही हो पावला. काल संध्याकाळपासनं स्टँडवर उभी आहे, घाटात माती आली म्हणून. कंडक्टर रात्री माझ्याकडेच जेवला. तुझी गाडी बरी उडून आली.”

ओटीवर हशा पिकतो. पुतण्याही हसतो, पण त्याचा हात कपाळाकडे जातो.

आंबेनळी बंद असताना साताऱ्याहून पोलादपुरात यायचं तर खाली कराड-पाटण करून कुंभार्ली घाटाने चिपळूण, मग खेड, मग कशेडी असा वळसा पडतो. तो घेऊन पहाटे निघाल्यावर सकाळच्या चहाला पोचणं अवघड. मग हा होता कुठे? आदल्या दिवशी महाडातच होता, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात, आणि सोबत कुणाचं तरी कुलमुखत्यारपत्र होतं. इथे चतुराई वेगळी दाखवावी लागत नाही. रस्ता बंद झाल्याचं स्टँडवरच्या चहावाल्यापासून भाजीवालीपर्यंत प्रत्येकाला ठाऊक असतं. फक्त काकूंनी ते योग्य वेळी, योग्य माणसापुढे, हसत हसत काढलं. चतुर नायिकेचा विनोद असा कामाला आला पाहिजे. नुसते टोमणे मारणारी बाई चार पानांत कंटाळा आणते. जिच्या थट्टेला उत्तर देताना समोरचा सावध राहायला विसरतो, ती तीनशे पानं तोलून धरते.

गुन्ह्याच्या कारणांचा म्हणाल तर तुमच्याकडे दुष्काळ नाही. सामायिक सातबारा आणि त्यावरची पंचवीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत. वारसनोंद करताना गाळलेली बहीण. डोंगरउतारावरच्या ज्या तुकड्यात आजवर नाचणी-वरीच पिकली, त्याला शहरातून अचानक आलेलं गिऱ्हाईक. फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. पंधरा दिवसांची ही मुदत म्हणजे कादंबरीला आयतं घड्याळ आहे. तलाठ्याच्या फळ्यावरचा कागद पावसाने भिजला, कुणी काढला की आपोआप पडला, यावर एक अख्खं प्रकरण लिहिता येईल.

दुसरं खास आपलं म्हणजे सुतक. चतुर्थीच्या तोंडावर भावकीत कुणी गेलं तर सगळ्या भावकीचा गणपती अडतो. मुंबईहून सुट्ट्या काढून, गाड्या भरून माणसं आलेली, मखर उभं, गणपती मूर्तिकाराच्या शाळेतून आणलेला. अशा वेळी एखाद्या घराने मृत्यूची बातमी दोन दिवस उशिरा फोडली, तर ते का? देवासाठी, की त्या दोन दिवसांत कुठल्या कागदावर सही हवी होती म्हणून? हे कोडं इंग्रजी लेखिकेला सात जन्मांत सुचलं नसतं, आणि तुमच्या वाडीतल्या कुणालाही ते समजावून सांगावं लागणार नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र कळकळीने सांगते. पावसाळ्यातली गोष्ट लिहिताना दरडीला सजावट करू नका. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे काय झालं, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल कसा गेला, २२ जुलै २०२१ ला तळिये आणि तुमच्या तालुक्यातली साखर सुतारवाडी, केवनाळे यांच्यावर काय कोसळलं, हे त्या घरांमध्ये आजही ताजं आहे. हसतीखेळती रहस्यकथा मृत्यूवर हसत नाही. ती माणसांच्या लबाडीवर, हावेवर, बढाईवर हसते. घाट बंद झाला एवढं गोष्टीला पुरे. दरडीखाली घरं गाडू नयेत.

पोलिसांचंही बोलायला हवं, कारण तिथे लेखक घसरतात. तपास पोलिसांचाच. काकूंनी पुरावा उचलून घरी नेला, तर न्यायालयात तो टिकणार नाही आणि काकूच अडचणीत येतील. पण आपल्या व्यवस्थेत सामान्य माणसाला आत यायला एक सरळ दार ठेवलेलं आहे : पंच. झडती घ्यायची, वस्तू जप्त करायच्या किंवा मृतदेहाचा पंचनामा करायचा, तर त्या भागातली किमान दोन प्रतिष्ठित माणसं पंच म्हणून लागतात. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली, तरी पंचांची गरज संपलेली नाही. बाईलाही पंच होता येतं. गावात पंच व्हायला कुणी पुढे येत नाही, कोर्टाच्या खेपा कोण घालणार? काकू पुढे येतात. मग त्या खोलीत कायदेशीर उभ्या राहतात, पंचनाम्यात काय लिहिलं जातंय ते ऐकतात, आणि फौजदारसाहेबांनी “एक छत्री, काळी” असं सांगितल्यावर हळूच म्हणतात, “साहेब, कोरडी असंही लिहा की.” रात्रभर पाऊस आणि छत्री कोरडी! ते कागदावर आलं, सही झाली, आता कुणाला पुसता येणार नाही.

सोबत पोलीस पाटील आहेतच. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम १९६७ सालचा आहे आणि त्याखाली गावातल्या गुन्ह्याची, संशयास्पद मृत्यूची खबर ठाण्याला देणं हे पोलीस पाटलाचं काम. बाईसुद्धा पोलीस पाटील असते. तुमच्या काकूंची वहिनी पोलीस पाटील केलीत, तर दोघींच्या बोलण्यात गोष्टीचा निम्मा तपास उरकेल.

आणि पोलादपुरात काहीच घडत नाही म्हणणाऱ्यांना सांगा : शिवभारत लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी याच गावात आहे. उमरठ तानाजी मालुसऱ्यांचं. वर प्रतापगडाच्या पायथ्याशी १६५९ साली जे झालं, त्याची तयारी निरोप, हेर आणि खोटी घबराट यांच्याच जोरावर झाली होती. माणसं पारखून घेणं या मातीला नवं नाही.

प्रश्न : खऱ्या आयुष्यात अशी एखादी मराठी बाई आहे का, की हे सगळं पुस्तकातच? *(एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, महाड)*

उत्तर : आहे, आणि मराठी साहित्य शिकलेली. रजनी पंडित यांचं नाव ऐकलं असशील. वडील पोलिसांच्या गुन्हे अन्वेषण विभागात होते, त्या स्वतः मुंबईच्या रुपारेल महाविद्यालयात मराठी घेऊन शिकल्या. कॉलेजातच वर्गातल्या एका मुलीचं काहीतरी बिनसलं आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी माग काढला आणि तिच्या घरच्यांना सावध केलं. १९९१ साली त्यांनी स्वतःची गुप्तहेर संस्था सुरू केली. त्यांनी मुलाखतींत सांगितलेली एक हकिकत नेहमी सांगितली जाते. खुनाचा संशय असलेल्या एका बाईच्या घरी त्या सहा महिने मोलकरीण म्हणून राहिल्या. एकदा टेपरेकॉर्डरचा खट्ट आवाज झाला आणि त्या बाईला शंका आली, घराबाहेर सोडेना. शेवटी हवा असलेला माणूस घरात आला त्या दिवशी रजनीताईंनी सुरी स्वतःच्या पायावर पाडून घेतली आणि पट्टी बांधून येते म्हणून बाहेर पडून फोन केला. यात विनोद नाही, जिवावरची जोखीम आहे. पण मोलकरणीकडे कुणी निरखून बघत नाही, हे जाणून त्या गोष्टीचा उपयोग करणं, ही शोधक बाईची जुनी ताकद इथे खरीखुरी दिसते.

आणखी मागे गेलीस तर कॉर्नेलिया सोराबजी. जन्म १८६६, नाशिकचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पहिला नंबर, मग ऑक्सफर्डला कायद्याचा अभ्यास. तिथे कायदा शिकलेली ती पहिलीच बाई. पडद्यातल्या विधवांच्या मालमत्तेवर कारभारी आणि नातेवाईक डल्ला मारत, आणि पुरुष वकिलाला त्या बायकांसमोर जाताच येत नसे. कॉर्नेलिया जात. १९०४ पासून त्यांनी बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्ससाठी काम केलं, शेकडो बायका-मुलांची प्रकरणं हाताळली. त्यांच्यावरून स्फूर्ती घेऊन सुजाता मॅसी यांनी परवीन मिस्त्री ही पारशी वकील नायिका रचली. पहिली कादंबरी २०१८ ची, काळ १९२१ चा, जागा मलबार हिल. आपल्या मातीतल्या बाईवरून इंग्रजीत मालिका झाली, याचा आनंद आहे. मराठीत आधी का झाली नाही, ही चुटपुटही आहेच.

प्रश्न : खून नको असेल तर? मला रक्त वाचवत नाही. *(एक निवृत्त शिक्षिका, महाड)*

उत्तर : मग अलेक्झांडर मॅकॉल स्मिथ यांच्या म्मा रामोत्स्वेला भेटा, बाई. १९९८ साली आलेल्या पहिल्या कादंबरीत ही बोत्स्वानाची बाई वडिलांची गुरं विकून आलेल्या पैशांतून देशातली पहिली बायकांची गुप्तहेर संस्था काढते. बहुतेक प्रकरणं घरगुती : हरवलेला नवरा, तोतया बाप, मुलीवर नजर ठेवू पाहणारा बाप. हातात चहाचा कप, मनात माणसांबद्दल माया. खून नसताना उत्कंठा कशी टिकते, हे शिकायला यासारखं पुस्तक नाही. आणि पोलादपूरच्या काकूंच्या गोष्टीत म्हातारा जिवंत सापडला तरी चालेल, हे पहिल्या वाचकभगिनींनीही लक्षात ठेवावं.

प्रश्न : लिहिलं तर पाठवायचं कुठे? आणि नियम काय पाळायचे? *(पोलादपूरच्या त्याच वाचक, पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात)*

उत्तर : बारीक अक्षरात का? मोठ्याने विचारा. रहस्यकथा-गूढकथेला ‘धनंजय’, ‘चंद्रकांत’, ‘नवल’ या दिवाळी अंकांनी वर्षानुवर्षं हक्काची जागा दिली आहे. अंकांची जुळवाजुळव पावसाळ्याच्या आधीपासून चालू असते, त्यामुळे कथा उन्हाळ्यातच हातावेगळी करा. थेट कादंबरीला बसू नका. आधी दहा-बारा पानांची एक कथा, एक कोडं, पाच-सहा माणसं.

नियम एकच कडक पाळा. रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज लेखक-धर्मगुरूने १९२९ साली रहस्यकथेच्या दहा आज्ञा लिहिल्या. त्यातली आजही शंभर टक्के लागू असलेली ही : शोधकाला जो दुवा सापडेल तो त्याच क्षणी वाचकालाही दिसला पाहिजे. घाट बंद असल्याचं पुतण्या येण्याआधी दोन पानं कुठेतरी सहज येऊ द्या. कंडक्टर काकूंकडे जेवायला बसलाय, भाकरी वाढताना घाटाची कुरकुर करतोय, बस. वाचक ते वाचेल, भाकरीकडे लक्ष देईल आणि विसरेल. मग ओटीवर काकूंनी धुक्याबद्दल विचारलं की त्याला एकदम आठवेल आणि तो स्वतःवरच खूश होईल.

बोली तुमच्याकडची ठेवा. पुस्तकी मराठीत काकूंना बोलायला लावलंत तर त्यांचा अर्धा विनोद तिथेच जाईल. गावातल्या खऱ्या माणसांची नावं, घरं, वाद जसेच्या तसे घेऊ नका. दोन माणसांची लकब एकात मिसळा, वाडीचं नाव बदला. आणि लिहून झाल्यावर छापायला पाठवण्याआधी एखाद्या आरडी एजंट बाईंना वाचून दाखवा. हप्त्याच्या तारखेत चूक असेल तर त्या पहिल्या पानावरच पकडतील.